फॉर्मवरचं ‘नाही’

शाहरिखान
१२ मार्च २०१०

चि. मुहय्योस काकाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील. सूनबाई बार्नो लिहितेय, मी सांगतोय. उजव्या हातात पेन धरलं तर ते हातात आहे की पडलं, हे खाली बघितल्याशिवाय मला कळत नाही. टेलिफोन करत जा म्हणतेस. पण चाळीस वर्षं ऐरणीपाशी बसलेल्या सुऱ्यावाल्याच्या कानात टेलिफोनचा काय उजेड पडणार? तू तिकडे ताश्कंद डोक्यावर घेतेस आणि मी इकडे नुसता हो हो म्हणतो. त्यापेक्षा पत्र बरं. टॅक्सीवाला कामिल उद्या घाट ओलांडून तिकडे येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि चार नान धाडतो. नान बार्नोने केलेत. कडेला जरा करपलेत. (मामंजींनीच तंदूरपाशी बोलत उभं ठेवलं म्हणून करपले. — बार्नो)

हाताचं असं झालं. हिवाळ्याआधी दोन बोटं बधिर झाली, मग चारही. गेल्या महिन्यात हातोडा हातून सुटला आणि थेट शेजारच्या कोंबडीजवळ जाऊन पडला. कोंबडी वाचली, पण शेजारीण अजून बोलत नाही. अंदिजानच्या डॉक्टरांनी मान वाकवून, पायाच्या तळव्याला टाचणी टोचून बघितलं आणि म्हणाले, मानेचा मणका शिरेवर बसलाय, ऑपरेशन लागेल. पण आधी एमआरआय काढून आणा, त्याशिवाय कुणी मानेला हात लावणार नाही. आणि उन्हाळा उलटू देऊ नका म्हणाले. तोवर जेवढी शीर मरेल तेवढी परत येत नाही. काय कापतोय ते बघितल्याशिवाय सुरी चालवू नये, हे मला कुणी शिकवायला नको. इथवर सगळं पटलं.

पुढचं पटलं नाही. सोमवारी त्या नव्या केंद्रात सकाळी आठला जाऊन बसलो. तीनला वीज गेली. आली तेव्हा म्हणाले, मशीन बिघडलंय, दहा-बारा दिवसांनी या. बरं, हे मशीन करतं तरी काय, असं खिडकीतल्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, आजोबा, कागदावर सगळं लिहिलंय. कागद रशियनमध्ये आणि अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. चायखान्यात विचारलं तर एक जण म्हणतो की ते रक्तातलं लोखंड ओढून घेतं. दुसरा म्हणतो, पेटीत घालून वरून झाकण लावतात. न्हावी म्हणाला, सोन्याचे दात असतील तर घरीच काढून ठेवून जा. माझे चार आहेत. हसून हसून सगळे लोळले, मी सोडून.

तू सात वर्षं असल्याच मशीनपाशी नर्स आहेस. माणसाने माणसाला सांगावं तसं मला नीट सांग. तुझ्या पोरांना गोड पापा.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
सोतिवोल्दी काका


ताश्कंद
२० मार्च २०१०

ती. काकांस मुहय्योचा सलाम, वि. वि.

नान पोचले. करपलेल्या कडा पोरांनी भांडून खाल्ल्या, वहिनीला सांगा.

काका, चायखान्यात काय ऐकलंत ते विसरा. ते मशीन म्हणजे एक मोठा लोहचुंबक आहे. त्यात क्ष-किरण नसतात, ते रक्तातलं काही ओढत नाही आणि दुखतही नाही. झाकण नाही. दोन्ही बाजूंनी उघडा असा पाइप असतो, आत दिवा असतो, वारा येतो. तुम्ही एका फळीवर उताणे झोपायचं आणि फळी आत सरकते. मानेचा फोटो असल्याने मानेभोवती जाळीसारखा पिंजरा ठेवतील, त्याने घाबरू नका. मग अर्धा तास हलायचं नाही. गिळायचंसुद्धा बेताने. हललात की फोटो पुसट येतो आणि सगळं पहिल्यापासून. आवाज फार होतो, ठाक ठाक ठाक. कानात बोळे देतात. दुसऱ्या पेशंटांना मी आवाजाबद्दल पाव तास समजावते. तुम्हाला काय समजावू, तुम्हाला तिथे झोप लागेल.

हातात एक रबरी फुगा देतात. गुदमरल्यासारखं वाटलं तर तो दाबायचा, लगेच बाहेर काढतात. तो डाव्या हातात मागून घ्या. उजव्यात दिला तर तुम्ही तो दाबताय की नाही हे तुम्हालाच कळणार नाही.

तो चुंबक कधीच बंद नसतो. वीज गेली तरी नाही. म्हणून त्या खोलीत लोखंड न्यायचं नाही. घड्याळ, पट्टा, चाव्या, नाणी, टेलिफोन, सगळं बाहेर. कमरेची सुरी घरी ठेवून जा. शाहरिखानचा माणूस सुरीशिवाय घराबाहेर पडत नाही हे मला ठाऊक आहे, तरी ठेवा. अंगरख्याच्या अस्तरात वहिनीने नजर लागू नये म्हणून टाचणी किंवा सुई घालून ताईत शिवला असेल, तो उसवा. असणारच. माझ्या लग्नातल्या झग्यातून दोन निघाल्या होत्या. सोन्याच्या दातांना काही होत नाही, फक्त आहेत म्हणून सांगायचं. मानेचे जुने फोटो असतील तर बरोबर न्या.

आता मुख्य गोष्ट. ही वहिनीला दोनदा वाचायला सांगा. आत जायच्या आधी फॉर्म भरून घेतात. तो म्हणजे नुसता सरकारी सोपस्कार नव्हे. हृदयात यंत्र आहे का, डोक्यात चिमटा आहे का, अंगात गोळी राहिलीय का, आणि डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, असं त्यात विचारतात. काका, तुमचा जन्म सुऱ्या घासण्यात गेला. तुम्ही स्वतःहून सांगायचं की आधी डोळ्यांचा एक्स-रे काढा. पोलादाचा बारीकसा कण जरी डोळ्यात आत राहिलेला असला, तर चुंबकापाशी तो जागचा हलतो. मान बघायला जाऊन डोळा गमवायचा का?

वहिनीला आणि पोरांना आठवण. रागावू नका, आणि जाऊन आलात की लगेच कळवा.

तुमच्या मायेची भुकेली,
मुहय्यो


शाहरिखान
३ एप्रिल २०१०

चि. मुहय्योस आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. पण डोक्यात जाळ झालाय, तेव्हा आज गोड शब्द थोडे मिळतील.

तू सांगितलंस तसं अक्षर न् अक्षर केलं. सुरी घरी ठेवली. बाजारातून जाताना लोक माझ्या कमरेकडे बघत होते, अंगावर कपडे नसल्यासारखं वाटलं. बार्नोने अस्तरातून तीन टाचण्या आणि एक सुई काढली आणि म्हणते कशी, सुई माझी नाही, ही सासूबाईंची असेल. म्हणजे ओयनिसा जाऊन चार वर्षं झाली आणि मी अजून तिची सुई अंगावर घेऊन हिंडत होतो.

तिथे फॉर्म भरायला एक पोरसवदा कारकून. मला ऐकू येत नाही कळल्यावर तो ओरडून विचारायला लागला. सगळा बोळ ऐकतोय. हृदयात यंत्र? नाही. डोक्यात चिमटा? नाही. दिवस गेलेत का? मी म्हटलं, नाही. बोळातल्या बायका भिंतीला टेकून हसायला लागल्या. तोही मेला लिहून मोकळा. डोळ्यात धातू? नाही. धंदा? पेन्शनर. झालं.

कपडे बदलले, फुगा डाव्या हातात मागून घेतला, दारापर्यंत गेलो. मशीनवाल्या बाईने हात धरायला हात पुढे केला आणि माझा तळवा उलटा करून बघतच राहिली. पोलादाचे निळे ठिपके ते. कातडीत मुरलेत, ते काय निघतात? तिने विचारलं, पेन्शनर, हे हात कुणाचे? मी म्हटलं, सुऱ्या करतो. तर बाईने दार लावूनच टाकलं. म्हणाली, डोळ्यांचा एक्स-रे आधी. मी म्हटलं, फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंय ते वाचता येत नाही का? ती म्हणाली, फॉर्म वाचता येतो आणि हातही वाचता येतात. एक्स-रेची खोली दुसऱ्या इमारतीत. तिथे गेलो तर कुलूप, माणूस जेवायला गेलेला. दीड तास उभा राहिलो. मग अंगरखा चढवला आणि घरी आलो.

तूच लिहून कळवलंस ना त्यांना?

आता नीट ऐक. डोळ्यात ठिणगी जाणं म्हणजे इजा नव्हे. नानवाल्याच्या मिशांना पीठ लागतं, त्याला कुणी पिठाची दुखापत म्हणतं का? सुऱ्यांच्या रांगेत रोज कुणा ना कुणाच्या डोळ्यात जातं, आणि घरात बाई असते ती काढते. तुझ्या काकूसारखी तर कुणी नव्हती. पापणी उलटी करायची, जिभेच्या टोकाने कुसळ उचलायची आणि थुंकून टाकायची. शेजारपाजारचे सुऱ्यावाले तिच्याकडे डोळे घेऊन यायचे. माझ्या डोळ्यात तिने काही ठेवलं नाही. आता एखाद्या फोटोकडून मी तिचं काम तपासून घेऊ? ती असती तर तिने त्या बाईलाच सरळ केलं असतं.

मी पुन्हा जाणार नाही. हात गेला तर गेला.

काकूच्या जागी काकूला मानत राहा, एवढंच मागणं.
सोतिवोल्दी काका


शाहरिखान
३ एप्रिल

प्रिय मुहय्योवन्सं, सलाम.

मामंजींचं पत्र पाकिटात घातलं आणि ही चिठ्ठी नानांच्या फडक्यात ठेवतेय. त्यांना कळवू नका, नाहीतर माझी धडगत नाही.

त्यांनी लिहू दिलं नाही ते लिहिते. परवा अंगणात पडले. उजवा पाय ओढत चालतात आणि विचारलं की जोडा सैल झालाय म्हणतात. जोडा मी बघितला, मुळीच सैल नाही. सकाळी चहाचा पेला त्यांच्या मांडीवर सांडला, मांडी लाल झाली आणि यांना पत्ता नाही. यांचे चिरंजीव कझानला कामावर आहेत, तिथून फोनवर ओरडतात, पण ऐकू कुणाला येतंय? मी एकटी किती ओरडू?

आणखी एक. एक्स-रेचं बोलणं निघालं की मामंजींचा हात आपसूक डाव्या डोळ्यावर जातो. मी सरळ विचारलं, आत काही आहे का? तर म्हणाले, तुझ्या सासूने काम पुरं केलंय, पुन्हा विचारायचं नाही. वन्सं, मला वाटतं त्यांना काहीतरी माहीत आहे. तुमचं ते ऐकतील. करा काहीतरी.

तुमची,
बार्नो


ताश्कंद
११ एप्रिल २०१०

ती. काकांस मुहय्योचा सलाम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा, वहिनीकडून वाचून घेऊ नका. अक्षर मोठं काढलंय.

मी कुणाला काही कळवलेलं नाही. त्या बाईला मी ओळखतही नाही, पण भेटली तर तिचे हात हातात घेईन. कारकून चुकला, तुम्ही चुकलात, ती एकटी चुकली नाही. माझ्याही खोलीत असे येतात काका, वेल्डर, कातारी, सगळे छातीठोक ‘नाही’ म्हणतात. एकाला मी एक्स-रेला पाठवलं तर तो महिनाभर मला शिव्या देत होता. मला शिव्या चालतात. त्याचा डोळा जाग्यावर आहे.

तुम्ही काकूच्या नावाची ढाल पुढे केलीत म्हणून आता मला जे बोलायचं नव्हतं ते बोलते. तुमच्या इल्योसच्या सुंतेचा दिवस आठवतो? अब्बा गेल्यावर मी तुमच्याकडेच होते, नऊ वर्षांची. अंगणात दोन कढया पुलाव, पाहुण्यांनी ओटे भरलेले, आणि तुम्ही पाहुण्यांना भेट द्यायची शेवटची सुरी धार लावायच्या चाकावर धरलीत. काकूने तुम्हाला तंदूरमागे बसवून डावा डोळा उघडला. किती वेळ ती शोधत होती. तिच्या जिभेला रक्त लागलं तेव्हा ती रडायला लागली, की मी तुम्हाला आंधळं केलं. तुम्ही म्हणालात, निघालं, निघालं, जा आता, पाहुणे खोळंबलेत.

ते निघालं नव्हतं. हे तुम्हाला माहीत होतं. काका, हे तिलाही माहीत होतं.

ती शेवटच्या आजारात माझ्याकडे ताश्कंदला होती तेव्हा तिनेच मला सांगितलं. म्हणाली, त्यांच्या डाव्या डोळ्यात एक राहिलंय, मला काही सापडलं नाही. मी रडू नये म्हणून ते निघालं म्हणाले, त्यांना बरं वाटावं म्हणून मी बरं म्हटलं. तू नर्स आहेस, त्या डोळ्याकडे लक्ष ठेव. पण मी बोलले असं त्यांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. मी शब्द दिला होता. आज मोडला.

तिची अब्रू राखायला तुम्ही फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंत. तिनेच ‘आहे’ म्हणून सांगून ठेवलंय. आता तरी उठा. पाय ओढत चालणाऱ्या माणसाला उन्हाळ्यापर्यंतही वेळ नसतो.

तुमच्यावर रागावलेली, आणि म्हणूनच तुमची,
मुहय्यो


शाहरिखान
२५ एप्रिल २०१०

चि. मुहय्योस आशीर्वाद.

तुझं पत्र मी भट्टीपाशी बसून वाचलं. तीनदा वाचलं. मग बार्नोला म्हटलं, टॅक्सी बोलाव. तिने आधी जोडे आणून ठेवले. पाय ओढण्याचं तुला कुणी कळवलं ते मला कळलंय, पण मी गप्प आहे.

एक्स-रे काढला. त्या माणसाने तो उजेडात धरून दाखवला. खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका, डाव्या डोळ्याच्या मागच्या बाजूला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, सव्वीस वर्षांत भोवती कातडी धरलीय, आता काढायला गेलो तर डोळाच दुखावेल, राहू द्या. पण चुंबकाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, कधीही नाही. तसं लिहिलेला कागद कायम खिशात ठेवायचा.

म्हणजे बघ. तीन खेपा घातल्या, दोनदा दिवस दिवस उभा राहिलो, बोळभर बायकांना हसवलं, तुझ्याशी भांडलो, सुनेला रडवलं, आणि सगळ्याचं फळ काय, तर मला एमआरआय काढता येत नाही. हे एका वाक्यात पहिल्याच दिवशी झालं असतं, मी तोंड उघडलं असतं तर. कुणावर ओरडू ते कळेना, म्हणून चाकावर ओरडलो. बावीस वर्षं, ती होती तोवर, रोज सकाळी ती चहा देताना या डोळ्यात बघायची. मला वाटायचं, प्रेमाने बघते. तपासत होती. दोन्ही असेल म्हण.

सर्जन म्हणाले, दुसरा उपाय आहे. कण्यात औषध टोचून दुसऱ्या मशीनवर फोटो काढतात, त्यात चुंबक नाही. चुंबकाच्या फोटोइतका साफ येत नाही आणि टोचलेलं दुखतं, पण काम भागतं. ते ताश्कंदला होतं. मानेला पट्टा बांधून सोमवारी कामिलच्या गाडीने येतो. घाटात हळू चालव म्हणून त्याला शपथ घातलीय.

तुझ्या घरी एक गादी टाकून ठेव.
सोतिवोल्दी काका


शाहरिखान
२० जून २०१०

चि. मुहय्योस आशीर्वाद.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. तुझ्याकडच्या गादीवर आणि तुझ्या हातच्या सूपवर एवढा आळसावलो होतो की इथला ओटा टोचतो. टाके निघाले. पाय सरळ पडतो, जोडा आता सैल नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं जागी झालीत, चहाचा चटका बसला तेव्हा आनंदाने ओरडलो. बाकीची दोन बोटं यायची नाहीत. सर्जन म्हणाले, दोन महिने आधी आला असता तर आली असती. त्यांनी ते सहज म्हटलं, पण ते शब्द काही डोक्यातून जात नाहीत. त्यातला दीड महिना मी एका शब्दापायी घालवला. मोठा घण कायमचा गेला. कानस धरता येते. मुठींवर नक्षी करीन, बायकी काम म्हणून हसणारे हसोत.

गेल्या आठवड्यात त्या केंद्रात जाऊन आलो. मशीनवालीला एक सुरी द्यायची होती. ती म्हणाली, बाहेर ठेवा, आत आणलीत तर तिच्यामागे मीच उडत जाईन. मग खिडकीत जाऊन म्हटलं की तुमच्या फॉर्मवरचा तो डोळ्याचा प्रश्न बदला. मुलगी म्हणाली, फॉर्म वरून येतो, अर्ज करा. अर्ज केला. तो घ्यायला जो माणूस आहे तो रजेवर आहे. तुझं तिकडे वजन आहे, निदान तुमच्या फॉर्मवर तरी बघ.

कारण असं. परवा मी सुऱ्यांच्या रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि एकोणीस जणांना विचारलं, डोळ्यात कधी लोखंड गेलं होतं का? एकोणीसच्या एकोणीस म्हणाले, नाही. मग परत फिरलो आणि त्यांनाच विचारलं, किती वेळा? तर सगळे मोजायला लागले.

तुझा जन्माचा ऋणी आणि तरीही काका,
सोतिवोल्दी